पैलतीरीचे अवशेष, ऐलतीरीचा बुरूज

आखातात, युरोपात किंवा अमेरिकेत पोटापाण्याच्या निमित्ताने जाऊन राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांविषयी एक गोष्ट पुष्कळ दिवसांपासून माझ्या ध्यानात येत आहे, आणि ती अशी की, जो गृहस्थ इथे असता रविवारच्या दुपारी वामकुक्षीखेरीज अन्य कशाचीही आकांक्षा बाळगीत नसे, तोच परमुलखात बस्तान बसते न बसते तोच सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे उठून, मुलाबाळांना मोटारीत घालून, डब्यात दशम्या व लसणाची चटणी बांधून, एखाद्या उद्ध्वस्त नगराच्या, पडक्या मंदिराच्या किंवा वाळूखाली गाडल्या गेलेल्या राजवाड्याच्या शोधार्थ निघू लागतो. इटलीत राहणारा पॉम्पेईच्या फरसबंद रस्त्यांवरील रथचक्रांच्या चाकोऱ्यांत उभा राहून छायाचित्र काढून घेतो, जॉर्डनमध्ये राहणारा पेट्राच्या गुलाबी कड्यांपुढे सहकुटुंब स्तब्ध होतो, आणि या साऱ्या छायाचित्रांचा ओघ वाशी, नेरूळ, खारघर येथील आजी-आजोबांच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडतो. नवी मुंबईत आमच्या वयाची मंडळी संध्याकाळी बागेत जमली म्हणजे ज्याच्या त्याच्या खिशात दोन-चार देशांचे भग्नावशेष असतात.

या उत्साहाची मी थट्टा करीत आहे असे कृपया कोणी समजू नये. त्याची कारणे मला मनुष्यस्वभावाला धरून वाटतात. परदेशात राहणाऱ्याला नातलगांच्या मुंजी-बारशांचा, सोसायटीच्या सर्वसाधारण सभांचा आणि आयत्या वेळी टपकणाऱ्या पाहुण्यांचा उपसर्ग नसतो. सुट्टी म्हणजे खरोखरीच रिकामा दिवस, आणि तो भरून काढण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावरच येऊन पडते. परंतु याहूनही सबळ कारण असे की, परमुलखातील आपले वास्तव्य हे मुदतीचे आहे, नोकरीचा करार संपला की बाडबिस्तरा आवरून निघायचे आहे, ही जाणीव त्याच्या मनात अहोरात्र जागी असते. तेव्हा जे काही पाहायचे ते आताच पाहून घेतले पाहिजे अशी निकड त्याला लागून राहते. स्वगृही असलेल्या मनुष्याला अशी मुदत नसते. दाराजवळचा किल्ला कोठे पळून जात नाही, उद्या पाहू, परवा पाहू, अशा हिशेबाने तो आयुष्य काढतो, आणि किल्ला मात्र दर पावसाळ्यात थोडाथोडा पळून जात असतो.

आमची कन्या आणि जावई बाहरीनमध्ये राहतात. मागील एका हिवाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता, तिकडे सुट्टीचा वार शुक्रवार असल्यामुळे, एका शुक्रवारी आमची सर्व वरात तेथील प्रसिद्ध प्राचीन अवशेष पाहण्यासाठी निघाली. मनामा या राजधानीच्या पश्चिमेस, बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, कलात अल-बाहरीन या नावाचे एक विस्तीर्ण टेकाड आहे. ते निसर्गाने घडविलेले नसून मनुष्यांनी घडविलेले आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २३०० पासून तो इसवी सनाच्या सोळाव्या शतकापर्यंत त्या एकाच जागी वस्तीवर वस्ती रचली गेली, पडलेल्या भिंतींच्या ढिगावर नव्या भिंतींचा पाया घातला गेला, आणि अशा रीतीने साडेतीन सहस्रकांहून अधिक काळाची माती साचत साचत तो उंचवटा तयार झाला. सुमेरियन लोकांच्या मृत्तिकाफलकांत ज्या दिलमून नामक पुण्यभूमीचा आणि व्यापारपेठेचा उल्लेख वारंवार येतो, तिची ही राजधानी व हेच बंदर. विसाव्या शतकाच्या मध्यास, १९५४ च्या सुमारास, पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या नेतृत्वाखाली डेन्मार्कच्या पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खननास हात घातला. आणि टेकाडाच्या माथ्यावर आज जो भव्य कोट दिसतो, त्याला लोक सर्रास पोर्तुगीजांचा किल्ला म्हणतात, कारण १५२१ ते १६०२ या काळात त्या बेटावर फिरंग्यांचा वरचष्मा होता.

पाहण्यासारखे तेथे काय आहे, असे कोणी विचारील तर प्रामाणिकपणे सांगावे लागेल की, माथ्यावरचा कोट वगळता बहुतेक ठिकाणी गुडघ्याइतक्या उंचीच्या भिंती, क्वचित छातीइतक्या, मधूनमधून चुनेगच्ची फरशी आणि तीत कोरलेल्या समांतर पन्हळी. त्या पन्हळी कशासाठी, हे मात्र ऐकण्यासारखे आहे: खजुरांनी भरलेल्या पिशव्यांची थप्पी या फरशीवर रचीत, वरच्या भाराने खालचा खजूर दाबला जाई, आणि त्यातून पाझरणारा मधासारखा पाक त्या पन्हळींतून वाहत जाऊन रांजणात साठे. अरबी घरांत तो पाक आजही रोजच्या आहारात असतो. राजवाड्याच्या एका भागात जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या वाडग्यांत सर्पांचे सांगाडे आणि त्यांच्या सोबतीला एखादा लहानसा मणी सापडला, हे जावईबापूंनी सांगताच आमच्या सौभाग्यवती क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, म्हणजे ह्यांच्याकडेही नागपंचमी होती म्हणायची!" त्यांच्या या सिद्धान्ताला पुरातत्त्वशास्त्रात आधार सापडणे कठीण आहे, पण नातवंडांना मात्र त्या दिवसाचे जे काही लक्षात राहिले ते वाडग्यातील सापच होत, आणि मला वाटते की इतिहासाचा पहिला धडा म्हणून तो अगदीच टाकाऊ नव्हे.

माझ्यापुरते म्हणावयाचे तर, त्या बेटावर सापडलेल्या दगडी घनाकृती वजनांनी मला खिळवून ठेवले. दिलमूनची वजने आणि आपल्या सिंधू संस्कृतीची वजने एकाच मापाची आहेत. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून मालच तेवढा जात होता असे नव्हे, मालाबरोबर तराजूही गेला होता, आणि उभय तीरांवरील व्यापाऱ्यांत वजनाविषयी एकवाक्यता होती. गुजरातेत लोथल येथे आखाती धाटणीची मुद्रा मिळाली आहे, ती याच व्यवहाराची इकडची पावती. आज बाहरीनच्या बाजारात बसून दिनाराचा आणि रुपयाचा हिशेब करणारा आपला कोकणी वा मराठी मनुष्य ज्या वाटेने तिकडे जातो ती वाट विमानकंपन्यांनी प्रथम काढलेली नाही.

तथापि त्या स्थळाच्या प्राचीनत्वापेक्षाही त्याची जी व्यवस्था आहे तिने मला अधिक विचारात पाडले. २००५ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले. परंतु संरक्षण द्यावयाचे ते केवळ टेकाडाला, असा संकुचित विचार तेथे झालेला दिसत नाही. भोवतालच्या खजुरीच्या बागा वारशाचा भाग मानल्या गेल्या आहेत. किनाऱ्याजवळच्या प्रवाळाच्या खडकातून प्राचीन काळी गलबतांसाठी जो जलमार्ग होता तो, म्हणजे निव्वळ पाण्याची एक पट्टी, तीदेखील वारशात समाविष्ट आहे. आणि किनाऱ्यापासून सुमारे दीड किलोमीटर आत समुद्रात असलेल्या एका जुन्या बुरुजाच्या अवशेषांचाही त्यात अंतर्भाव केलेला आहे. बंदर म्हणजे धक्क्याचे दगड नव्हेत. बंदर म्हणजे पाण्याची वाट, वाट दाखविणारा बुरूज, उतरल्यावर लागणारी सावली आणि गोडे पाणी, हे ज्याला कळले त्यानेच हा नकाशा आखला असला पाहिजे. शेजारीच वस्तुसंग्रहालय आहे, तेथे सावलीत बसून समुद्राकडे पाहत चहा घेता येतो, आणि स्वच्छतागृह आहे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने वृद्ध माणसे व लहान मुले घेऊन आपल्याकडील एखादे ऐतिहासिक स्थळ पाहिले आहे तो तिला क्षुल्लक म्हणणार नाही.

परदेशाचे गुणगान करण्याचा मोह अनावर होण्यापूर्वी नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच बेटाच्या अंतर्भागात दिलमूनकालीन थडग्यांची टेकाडे एके काळी लाखांच्या घरात होती. घरे, रस्ते आणि वसाहती यांच्या रेट्याखाली त्यांतील बहुसंख्य सपाट झाली, आणि २०१९ साली जागतिक वारशात गेली ती उरलेली ११,७७४. आली नावाच्या गावात तर कुंभारांनी या प्राचीन टेकाडांच्या पोटातच आपल्या भट्ट्या घातल्या होत्या. तेव्हा तेथील लोक जन्मतःच पुरातनप्रेमी आणि आपण तेवढे करंटे, असा निवाडा देण्याचे कारण नाही. नवे नगर जेथे जेथे उभे राहते तेथे तेथे ते जुन्याच्या छातीवर पाय ठेवूनच उभे राहते. प्रश्न एवढाच की, काही उरले असता, उरलेल्याचे काय करायचे?

या सहलीत आमचे जावईबापू हे आमचे मार्गदर्शक होते. उपेरी राजाचा वाडा कोठे, त्याच्याखालचा थर कोणता, डॅनिश पथकाने खंदक कोठे घेतला, हे सर्व ते अशा तपशिलाने सांगत होते की बाजूचे एक परदेशी कुटुंबही कान देऊन ऐकू लागले. हे गृहस्थ बेलापुरात लहानाचे मोठे झाले. शाळेला, पुढे महाविद्यालयाला आणि नोकरीला ते वर्षानुवर्षे ज्या परिसरातून गेले त्याच परिसरात बेलापूरच्या किल्ल्याचा बुरूज झाडीत उभा आहे, आणि त्या किल्ल्यावर आपण कधी गेलो नाही, हे त्यांनी फिरंगी कोटाच्या सावलीत दशमी खाता खाता मोठ्या निर्विकारपणे सांगितले. त्यांत त्यांचा एकट्याचा दोष नाही, आमच्या बागेतल्या मंडळींपैकी ज्यांना ज्यांना मी नंतर विचारले त्यांतील बहुतेकांचे उत्तर तेच आले, आणि एकाने तर, "तिथे किल्ला आहे होय? मी समजत होतो, स्टॉपला नुसतेच किल्ला म्हणतात," असे सांगून चर्चेवर पडदा टाकला.

तो किल्ला आहे, आणि त्याला इतिहासही आहे. पनवेलच्या खाडीच्या मुखाशी, जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवता यावी अशा टेकडीवर, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंजिऱ्याच्या सिद्दीने तो बांधला असे सांगतात; १६८२ साली तो पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेला आणि त्यांच्या काळात तो शहाबाजचा किल्ला म्हणून ओळखला जाई, ज्या नावाचे गाव आजही तेथे नांदत आहे; अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चिमाजी अप्पांच्या मोहिमांच्या धामधुमीत तो मराठ्यांकडे आला, आणि किल्ला हाती आल्यास शेजारच्या अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असा नवस अप्पांनी बोलला होता, अशी कथा गावात सांगितली जाते. पुढे १८१७ च्या जूनमध्ये कॅप्टन चार्ल्स ग्रे नामक इंग्रज अधिकाऱ्याने तो घेतला, आणि मराठ्यांना पुन्हा ठाणे धरता येऊ नये या कंपनी सरकारच्या धोरणास अनुसरून त्याची मोडतोड करण्यात आली. किल्ल्यावरून थेट घारापुरीपर्यंत समुद्राखालून भुयार गेले आहे, असेही लोक सांगतात. महाराष्ट्रात भुयाराची आख्यायिका नसलेला किल्ला मला अद्याप भेटावयाचा आहे.

आता बाहरीनचा कोट आणि बेलापूरचा हा बुरूज एकमेकांना परके नाहीत, हे इथे सांगितले पाहिजे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत होर्मुझ, मस्कत, बाहरीन, दीव, वसई, चौल, गोवा ही सारी एकाच फिरंगी आरमाराच्या हिशेबातील ठाणी होती. या समुद्रात गलबत हाकारायचे तर फिरंग्यांचा परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसल्यास माल जप्त होई. हा जुलूम उभय किनाऱ्यांनी सोसला, आणि उभय किनाऱ्यांनी तो आपापल्या परीने मोडला. इराणी फौजेने १६०२ साली बाहरीनमधून पोर्तुगीजांना काढले, १६५० साली ओमानच्या अरबांनी मस्कत घेतले, आणि पुढे तेच अरब १६७४ साली वसईच्या परिसरावर छापा घालून गेले. शेवटी १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांच्या स्वाधीन झाली. बाहरीनच्या तटावर उभ्या असलेल्या मराठी कुटुंबाने हा नकाशा मनात धरला असता, तर फिरंगी कोटाचे दगड पाहता पाहता त्यांना आपल्या खाडीचीही आठवण झाली असती. ती झाली नाही, कारण ती कोणी करून दिलेली नव्हती.

करून दिली नाही ती कोणी? या ठिकाणी मला आपल्या नव्या नगराच्या एका जन्मजात सवयीकडे बोट दाखवावे लागते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या शहरासाठी मुक्रर झाली, आणि त्या दिवसापासून या भूमीची कालगणना जणू नव्याने सुरू झाली. सेक्टर, प्लॉट, नोड, फेज हे तिचे शब्द. या शहरात येऊन राहिलेल्या मध्यमवर्गाला, त्यात मी स्वतःही आलो, कळत-नकळत असे शिकविले गेले की इथे पूर्वी खाजण, मिठागरे आणि भातखाचरे होती, म्हणजे पर्यायाने काही नव्हते. मिठागरांवर जे राबत होते, खाडीत जे डोल लावीत होते, ज्यांनी १९८४ च्या जानेवारीत जासईला जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या, ते आगरी-कोळी लोक मात्र काहीच नव्हते असे म्हणणार नाहीत. त्यांच्या दृष्टीने बेलापूरचा किल्ला म्हणजे पुरातत्त्वाचा विषय नव्हे, तो गावाचा माथा आहे, तेथे गोवर्धनी मातेचे देऊळ आहे, आणि गावठाणाच्या नावातच किल्ला आहे. किल्ला विसरलो ते आपण, सेक्टरांतले लोक.

बेलापुरातच कलाग्राम म्हणून ओळखली जाणारी एक बैठ्या घरांची वसाहत आहे. विख्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ती आखली, आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थी दूरदूरच्या देशांतून ती पाहण्यासाठी येतात, हातात नकाशा घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून हिंडतात. तिची मूळ घरे बदलत चालली, कित्येकांच्या जागी मजले चढले, तरीही लोक येतात. कारण पाहावे असे काही तेथे आहे हे कोणीतरी लिहून ठेवले आहे. चाळीस वर्षांच्या वसाहतीला जे भाग्य लाभते ते साडेचारशे वर्षांच्या तटाला लाभू नये, याचे मला वैषम्य वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या बागेत येऊनही गेला: बेलापूरला जाऊन पाहायचे काय? दोन-चार बुरूज, तटाचा तुकडा, त्यावर वडा-पिंपळाची मुळे, आणि भोवताली झुडूप. रायगड पाहावा, सिंधुदुर्ग पाहावा, अगदी कर्नाळा पाहावा; ज्या किल्ल्यावर एखादा राज्याभिषेक झाला नाही, पोवाड्यात गावे असे रण माजले नाही, त्याच्यासाठी सुट्टी कशाला दवडायची? मला हा आक्षेप महाराष्ट्राच्या इतिहासदृष्टीचे मर्म सांगणारा वाटतो. आपल्याला किल्ला हवा तो स्फुरण चढविण्यासाठी. जकातीचे नाके म्हणून, खाडीवरची चौकी म्हणून, तांदूळ, मीठ आणि लाकूड यांच्या ये-जा करणाऱ्या गलबतांचा हिशेब ठेवणारी कचेरी म्हणून किल्ल्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. वास्तविक राज्य चालते ते अशाच चौक्यांवर. बाहरीनच्या टेकाडावर आम्ही ज्या गुडघाभर भिंती दोन-अडीच तास भक्तिभावाने पाहिल्या त्यांवर तरी कोणता पोवाडा रचला गेला आहे? तेथे आम्ही पाहिली ती खजुराच्या पाकाची पन्हळ, व्यापाऱ्याचे वजन आणि सर्पाचा वाडगा. आणि त्यांतच आमचे समाधान झाले. परमुलखात लहान वस्तूंनी तृप्त होणारी दृष्टी घराजवळ येताच मोठ्या वस्तूंचा हट्ट का धरते?

खाडीच्या याच तोंडातून बाहेर पडले की समोर घारापुरी आहे. युनेस्कोच्या यादीत ती १९८७ सालीच गेली, म्हणजे बाहरीनच्या टेकाडाच्या अठरा वर्षे आधी. सहाव्या शतकातील तेथील सदाशिवाच्या विराट मूर्तीविषयी मी नव्याने काही लिहावे अशी माझी योग्यता नाही, आणि ती मूर्ती पाहिलेली माणसे नवी मुंबईत थोडी नाहीत. परंतु त्या बेटावर लेण्यांपलीकडेही पुष्कळ आहे, आणि ते पाहणारा विरळा. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. माथ्यावर इंग्रजी अमदानीतल्या दोन प्रचंड तोफा आहेत, ज्यांवर बसण्यासाठी पोरे हट्ट धरतात. मोराबंदर, राजबंदर आणि शेतबंदर अशी तीन गावे आहेत, जेथे समुद्राखालून तार टाकून वीज पोचली ती २०१८ साली. आणि या बेटाच्या किनाऱ्यावर रोमन धाटणीच्या मद्यकुंभांचे तसेच इराक-इराणकडच्या, आतून डांबराचा लेप दिलेल्या लांबट रांजणांचे तुकडे पुरातत्त्वज्ञांना मिळाले आहेत. दिलमूनच्या समुद्रातून निघालेले गलबत घारापुरीच्या बंदरात माल उतरवीत होते, याची साक्ष ती खापरे देत आहेत. पण जेट्टीपासून लेण्यांपर्यंतच्या वाटेवर, जेथे मण्यांच्या माळा आणि मक्याची कणसे यांची दुकाने दुतर्फा लागली आहेत, तेथे या खापरांची वार्ता येणाऱ्या पाहुण्याला कोण सांगणार?

पोर्तुगीजांना ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला नाव सुचले तो हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो भंगला, आणि तुकडे जोडून आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. नवी मुंबईच्या एखाद्या शाळेने किल्ला, घारापुरी आणि तो हत्ती या तिन्ही ठिकाणी मुलांना एकाच वर्षात नेले, तर फिरंगी, मराठे आणि इंग्रज या तिन्ही राजवटींचा धडा परीक्षेसाठी वेगळा पाठ करावा लागणार नाही.

राज्यकर्त्यांकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे. पण मागणी लांबली की तिची फाईल होते, म्हणून थोडक्यात सांगतो. किल्ल्याच्या डागडुजीच्या योजना सिडकोने जाहीर केल्या आहेत, आणि त्यांचे मी स्वागतच करतो. मात्र जुन्या तटाला नव्या सिमेंटचा गिलावा, वर रंगीत दिवे आणि पुढे स्वतःचे छायाचित्र काढण्यासाठी एखादे झगझगीत अक्षरशिल्प, अशा सुशोभीकरणाचे भय मला पडझडीपेक्षाही अधिक वाटते. झाडीची मुळे तटाबाहेर काढा, दगड जागच्या जागी बसवा, पायवाट आणि कठडा द्या, आणि कोणी बांधला, कोणी घेतला, कोणी मोडला, हे सालवारीसह मराठीत लिहिलेला एक फलक लावा. खाडी, कांदळवन आणि किल्ला यांचा नकाशा एकत्र करा. बाहरीनकरांनी पाण्याची पट्टी वारशात घेतली, आपल्याला निदान किल्ल्यावरून खाडी दिसेल एवढी दृष्टिरेषा मोकळी ठेवता यावी. किल्ला दाखविण्याचे काम बाहेरच्या ठेकेदाराला न देता गावठाणातील तरुण-तरुणींना शिकवून सोपवा, कारण भुयाराची कथा त्यांच्या आजीने सांगावी तशी ठेकेदाराला सांगता येणार नाही. आणि २०२२ साली बेलापूरच्या धक्क्यावरून जलटॅक्सीचा जो समारंभपूर्वक प्रारंभ झाला, त्या मार्गाने बेलापूर ते घारापुरी अशी सुट्टीच्या दिवशीची फेरी मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशा दरात नियमितपणे चालवा.

महानगरपालिकेला तर यासाठी दूर जावे लागणार नाही. तिचे भव्य घुमटाकृती मुख्यालय, उत्तुंग ध्वजस्तंभासह, पाम बीच मार्गाच्या टोकाला उभे आहे, आणि त्याचा पत्ता देताना किल्ले गावठाणाजवळ असेच सांगावे लागते. शहराचा कारभार ज्या इमारतीतून चालतो तिच्या हाकेच्या अंतरावर शहराच्या सर्वांत जुन्या कारभाराची इमारत पडून आहे, असा योग महाराष्ट्रात फार थोड्या नगरपालिकांना लाभला असेल. नव्या नगरसेवकांची पहिली सभा होण्यापूर्वी त्यांना किल्ल्यावर अर्धा तास चालवून आणण्याची प्रथा पाडली, तर अंदाजपत्रकातील एका नव्या बाबीचा प्रस्ताव कदाचित आपोआप येईल.

पण सरकारची वाट पाहत बसणे हेही उद्यावर ढकलण्याचेच एक सभ्य रूप आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली आणि नदीचा प्रवाह वळविण्यात आला. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले आता उतरतील ती खाडीच्या ऐन काठावर, आणि येताना महिनाभराची रजा, भेटवस्तूंच्या पेट्या व मॉलमध्ये जाण्याचे बेत बरोबर आणतील. त्या महिन्यातला एक दिवस आजी-आजोबांनी आपल्या नावे मागून घ्यावा. आमच्या जावईबापूंकडून मी तसे कबूल करून घेतले आहे. बाहरीनमध्ये ते माझे मार्गदर्शक होते, बेलापुरात मी त्यांचा होईन, आणि भुयाराविषयी विचारले तर गावठाणातील एखाद्या जाणत्या माणसाच्या स्वाधीन त्यांना करीन. दिवाळी संपून हवेत गारवा आला की निघावे; पावसाळ्यात तटावरचे दगड निसरडे असतात आणि झाडी माजलेली असते. सकाळी किल्ला आणि गोवर्धनीचे दर्शन करून दुपारी बोट मिळाली तर घारापुरी. दशम्या घरूनच न्याव्यात, घारापुरीला माकडे फार आहेत तेव्हा डबा हातात धरू नये, आणि लेणी सोमवारी बंद असतात.